शेगड्याला शेगडा लागतो

पितृपक्षात घरात नवीन वस्तू आणत नाहीत, ही आठवण सासूबाईंनी करून दिली तेव्हा मी आणि रिक्षावाला साडेचौदा किलोचं धूड दोन बाजूंनी धरून मागच्या ओट्यावर चढवत होतो.

"नवीन कुठंय, आई? भंगारातलाय."

त्यांनी जवळ येऊन पाहिलं, गंजाचा एक पोपडा नखाने उचकटला आणि म्हणाल्या, "मग तर आणखीच नको."

ते धूड म्हणजे पाच इंची बेंच व्हाइस, टेबलाला बसवायचं आणि काम करताना वस्तू दोन जबड्यांत आवळून धरणारं हत्यार. आयटीआयमध्ये आम्ही व्हाइसच म्हणायचो. शेगडा हा शब्द मला लग्नानंतर सासऱ्यांच्या तोंडून मिळाला, आणि मला तोच जास्त आवडतो.

मी नाशिकच्या सातपूर आयटीआयची, ट्रेड फिटर. आमच्या बॅचला मुली दोनच. पहिले कितीतरी आठवडे एमएसचा, म्हणजे साध्या मऊ पोलादाचा, चौकोनी तुकडा व्हाइसमध्ये धरायचा, कानस मारायची, काटकोन तपासायचा गुण्या लावून उजेडाकडे बघायचं, फट दिसली की पुन्हा कानस. व्हाइस बसवायचा नियम असा की जबड्याची वरची कड उभ्या माणसाच्या कोपराला यावी. तिथले सगळे व्हाइस मुलांच्या कोपराला बसवलेले. आम्ही दोघी पायाखाली फळी घेऊन उभ्या राहायचो आणि तास संपला की फळी भिंतीला टेकवून ठेवायचो. पुढं अठरा वर्षं अंबडच्या औद्योगिक वसाहतीत इन्स्पेक्शनमध्ये, म्हणजे मालाच्या तपासणीत काढली. तिथं हातात बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर असायचा, कानस नाही.

शेगड्याची गरज पडली ती कात्र्यांमुळे. दिंडोरी तालुक्यात माझ्या दिरांची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणी जवळ आली की कात्र्यांचं गाठोडं आमच्या घरी येतं. कुणाची धार गेलेली, कुणाची स्प्रिंग उडालेली, कुणाचा मधला बोल्ट खिळखिळा. इतकी वर्षं मी पाटावर बसून, कात्री पायाखाली दाबून हे उद्योग केले. मागच्या वर्षी पातं निसटलं आणि अंगठ्याला तीन टाके पडले. तेव्हाच ठरवलं होतं की पुढच्या छाटणीला शेगडा.

नवीन का नाही घेतला? बाजारात पाच इंची नवीन शेगडे भरपूर आहेत, जालंधरकडून येतात, काही चांगलेही असतात. पण माझ्या बजेटमध्ये जे बसत होते ते उचलून पाहिले तर अंग हलकं, आणि सरकता जबडा बोटाने हलवला की डुलत होता. जुन्याला निदान बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, जाडी असते.

अंबड लिंक रोडचा भंगार बाजार महापालिकेने 2017 च्या जानेवारीत उठवला, तरी त्या बाजूला ओळखीचा एक भंगारवाला अजून आहे. त्याच्याकडे मोटारींच्या ढिगाखाली हा शेगडा तोंड वर करून पडलेला होता. बिडाची वस्तू घेताना मी मडकं घेतात तशी वाजवून घेते. दोरीला टांगायची आणि हातोडीने हलकेच टिचकी मारायची. टणकन आवाज घुमला तर ठीक, थबकला तर कुठंतरी तडा आहे. बीड दाबाला भक्कम पण ताणाला कच्चं असतं. हँडलमध्ये पाइप घालून जोर काढणारे लोक शेगड्याची मान तोडतात, आणि तो तडा रंगाखाली दिसत नाही. हा घुमला. जबड्यांवर स्क्रूने बसवलेल्या दातेरी प्लेटा मात्र कामातून गेलेल्या. एकीचा कोपरा उडालेला. दुसरीवर कुणीतरी ग्राइंडर चालवून तिचे दाते टाचेसारखे गुळगुळीत केलेले.

"किलोला नव्वद," तो म्हणाला. बिडाचा भंगारभाव त्याच्या निम्माही नसतो, हे मी म्हटलं. "चालणारी वस्तू आहे, ताई." चालत नव्हती, पण 1,300 ला तुटलं.

खोलायला पहिला रविवार गेला. स्पिंडल, म्हणजे हँडलने फिरणारा आट्यांचा दांडा, उलट फिरवत नेला की सरकता जबडा अख्खा बाहेर यायला हवा. हा आला नाही. हँडल फिरत होतं आणि जबडा जागचा हलत नव्हता, कारण स्पिंडलला जबड्याबरोबर मागं ओढणारी स्प्लिट पिन आणि वॉशर ही जोडीच गायब होती. पिनेच्या जागी खिळा वाकवून घातलेला, वॉशरच्या जागी तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलेली चकती, आणि तिच्यावर अजून सूर्यफुलाच्या दोन पाकळ्या शाबूत. मी खूप हसले. नवऱ्याला बोलावून दाखवलं, की हे बघ, हे असले कारागीर.

आतलं ग्रीस खरवडून काढावं लागलं, तव्याच्या रापासारखं. ते निघाल्यावर स्पिंडलचे चौकोनी आटे पाहिले तर जवळजवळ नवे होते. तो ज्यात फिरतो तो बॉक्स नटही ठणठणीत. हे दोन शाबूत असले की शेगडा जिवंत आहे असं समजायचं. बाकी सगळं बदलता येतं.

खिळा काढण्यासाठी स्पिंडल घट्ट धरायला हवा होता, म्हणजे शेगडा हवा होता. आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायकलवाल्या काकांचं दुकान आहे, त्यांच्या टेबलाला चार इंची शेगडा आहे. त्या महिन्यात मी तिथं इतक्या वेळा गेले की शेवटी काका म्हणाले, "शेगडा दुरुस्त करायला शेगडा लागतो, आणि तो दर वेळी माझाच लागतो!" चहा मात्र तेच पाजायचे.

गंज काढायला मी वीज आणि धुण्याचा सोडा वापरला. ग्राइंडरला वायर ब्रश लावूनही निघतो, पण त्याच्या तारा सुटून अंगात घुसतात आणि कोपऱ्यातला गंज तिथंच राहतो. मोठ्या प्लास्टिकच्या टबात 30 लिटर पाणी, त्यात साधारण 300 ग्रॅम धुण्याचा सोडा. टबाच्या कडेला स्लॅबच्या उरलेल्या सळईचे चार तुकडे उभे करून एकमेकांना तारेने जोडले आणि जुन्या पद्धतीच्या 12 व्होल्टच्या बॅटरी चार्जरची लाल चिमटी त्यांना लावली. काळी चिमटी शेगड्याला. हे उलटं झालं तर सळई चकचकीत होते आणि शेगडा विरघळायला लागतो, म्हणून मी चिमट्या तीनदा तपासल्या. सळईऐवजी स्टीलचा चमचा किंवा पट्टी चालेल का असं मुलीने विचारलं. नाही चालत, स्टेनलेसमधलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी असतं. शिवाय बुडबुडे येतात ते हायड्रोजनचे, त्यामुळे टब ओट्यावर उघड्यावर, घरात नाही.

एका रात्रीत पाण्यावर गेरूच्या रंगाची साय धरली. रंगही सुटला, तीन थर: वर राखाडी, मध्ये निळा, तळाशी हिरवा. गंज काळ्या भुकटीसारखा झाला होता, तो भांडी घासायच्या तारेने निघाला. पण त्या दिवशी नेमका परतीचा पाऊस. पुसून ठेवलेल्या उघड्या बिडावर अर्ध्या तासात पिवळसर झाक आली. शेवटी मुलीचा हेअर ड्रायर घेतला आणि शेगडा गरम लागेपर्यंत फिरवत राहिले, वरून मशिनच्या तेलाचा हात. ड्रायरबद्दल तिला अजून सांगितलेलं नाही.

आता स्क्रू. या सगळ्या कामाला पंचवीस दिवस लागले असं मी म्हणते, पण त्यातले सहा दिवस फक्त चार स्क्रूंचे आहेत.

प्रत्येक प्लेटला दोन, डोकं आत बुडणारे, खाचेचे. खाचा गंजाने भरलेल्या. त्या आधी हॅक्सॉच्या ब्लेडने साफ केल्या, मग डिझेल सोडून दोन रात्री ठेवले. इम्पॅक्ट ड्रायव्हर म्हणून एक हत्यार मिळतं, त्याच्या डोक्यावर हातोडी मारली की टोक दाबलंही जातं आणि थोडं फिरतंही. त्याने पहिले दोन सुटले. तिसरा गॅसच्या छोट्या टॉर्चने तापवून, निवू देऊन, पुन्हा तापवून सुटला. चौथ्याचं डोकं तुटलं. तुटताना कट्ट असा जो आवाज आला तो ऐकून सायकलवाले काका दुकानातून म्हणाले, "गेला." आणि ते रस्त्याच्या पलीकडे होते.

तुटका स्क्रू काढायला इझी आउट मिळतो. मी तो वापरत नाही. त्याचं पोलाद इतकं कडक असतं की तो आत मोडला तर मग ड्रिलही चालत नाही, आणि गंजलेल्या स्क्रूत तो हमखास मोडतो. मी कानशीने तुटकं टोक सपाट केलं, मधोमध सेंटर पंच मारला, भिंगातून बघितलं, पंच अर्धा मिलिमीटर बाजूला होता, तिरका मारून तो मध्यावर ओढला. मग 3 मिलिमीटरचा ड्रिल, मग 5 चा. 5 चा आत गेल्यावर स्क्रूची भिंत एवढी पातळ राहिली की बारीक छिन्नीने ती आत दुमडता आली आणि चिमट्याने अंड्याचं कवच काढावं तशी तुकड्यातुकड्याने ओढली. शेवटचा तुकडा निघाला तेव्हा खालचे आटे दिसले, अखंड. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या कामावर शिक्के मारल्यानंतर स्वतःच्या हाताने केलेलं हे पहिलं काम होतं जे मी दुसऱ्याने केलं असतं तरी पास केलं असतं.

आणि मग मी गाढवपणा केला. भोक साधारण 8 मिलिमीटरचं दिसलं, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातून एम 8 चे, म्हणजे मेट्रिक मापातल्या 8 मिलिमीटरचे, चार चकचकीत ॲलन स्क्रू आणले. पहिला स्क्रू बोटाने दोन आटे सरळ गेला, तिसऱ्याला अडला. मला वाटलं, आत कचरा आहे. ॲलन कीने जरा जोर दिला. आणखी अर्धा आटा गेला आणि भोकातून चंदेरी बुकणी आली. बिडाची बुकणी काळी असते. म्हणजे कापला जात होता तो माझा नवा स्क्रू.

खरं तर आधीच लक्षात यायला हवं होतं. जुन्या प्लेटच्या दोन भोकांमधलं अंतर मी व्हर्नियरने मोजलं होतं, 82.5 मिलिमीटर. असलं माप कुणी मिलिमीटरमध्ये ठरवत नाही. ते सव्वातीन इंच आहे. शेगडा इंचातला, मग आटे मेट्रिक कसे असतील? आटे मोजायचा पिच गेज लावला, इंचाला 18 आटे. 5/16 बीएसडब्ल्यू, म्हणजे 5/16 इंची ब्रिटिश स्टँडर्ड व्हिटवर्थ. जोसेफ व्हिटवर्थने 1841 मध्ये इंग्लंडात आट्यांची मापं ठरवून दिली, ती ही. आट्याचा कोन 55 अंशांचा, मेट्रिकचा 60. एम 8 चा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, 1.25 मिलिमीटर, याचा 1.41. जाडीत फरक 0.06 चा, म्हणजे डोळ्याला काहीच नाही, म्हणून दोन आटे जातो आणि मग भांडतो. आपल्याकडे मेट्रिक वजनं 1958 पासून आली, मापंही मागोमाग आली, पण आटे अजून पूर्ण आलेले नाहीत.

बीएसडब्ल्यूचे स्क्रू शोधत मी रविवार कारंजापासून भद्रकालीपर्यंत पाच दुकानं पालथी घातली. "फाइव्ह सिक्स्टीन बीएसडब्ल्यू, काउंटरसंक आहेत का?" सगळीकडे नाही. सहाव्या दुकानात गल्ल्यावर एक म्हातारे काका बसले होते. मी हातातला जुना स्क्रू त्यांच्यापुढं ठेवला. त्यांनी तो उचललासुद्धा नाही.

"अडीच सुताचा," ते म्हणाले. "किती देऊ?"

इंचाचे आठ सूत. दोन सूत म्हणजे पाव इंच, अडीच सूत म्हणजे 5/16. सासरे आयुष्यभर सुतात बोलले, मीही घरी सुतातच ऐकलं, आणि दुकानात जाऊन इंग्रजी झाडत बसले. बहुतेक त्या पहिल्या पाच दुकानांतही ते होते. चौघांचे वीस रुपये झाले. भोकात आटे पाडायचा अडीच सुताचा टॅप सायकलवाल्या काकांकडे होता. खराब केलेलं भोक त्या टॅपने हलकेच साफ केलं, पहिला आटा थोडा जखमी राहिला आहे.

प्लेटा तयार मिळतात, पण माझ्या भोकांच्या अंतराच्या मिळाल्या नाहीत. अंबडला स्टीलच्या दुकानात उरलेले तुकडे तोलून देतात, तिथून 25 बाय 12 मिलिमीटरची ईएन 8 या पोलादाची पट्टी घेतली, दोन तुकडे मिळून सहाशे ग्रॅम. दुकानदाराने विचारलं, "बस, एवढंच?" साधं एमएस घेतलं असतं तर कापायला सोपं, पण त्यात कार्बन फार कमी, कितीही पाणी पाजा, म्हणजे लाल तापवून बुडवा, कडक होत नाही. ईएन 8 मध्ये साधारण 0.4 टक्के कार्बन असतो, तेवढ्यावर भागतं.

कडा सरळ करायला पुन्हा काकांचा शेगडा. भोकं मारताना कळलं की दोन्ही जबड्यांच्या भोकांचं अंतर एकसारखं नाही, अर्ध्या मिलिमीटरचा फरक. म्हणून एका प्लेटच्या मागं एक पंच, दुसरीच्या मागं दोन पंच, नाहीतर बसवताना रडावं लागलं असतं. काउंटरसिंक, म्हणजे स्क्रूचं डोकं बसायचा खळगा, जरा खोलच घेतला, डोकं प्लेटच्या वर आलं की जबड्यात धरलेल्या वस्तूवर वण उठतो.

राहिले दाते. शेगड्याच्या जबड्यावर तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या खाचा असतात, शंकरपाळ्यांसारख्या. त्या मी हाताने घेतल्या. 45 अंशांत, 3 मिलिमीटरवर एक ओळ आखली तर 125 मिलिमीटर लांब प्लेटवर एका दिशेला 35 ओळी येतात, दुसऱ्या दिशेला 35, दोन प्लेटांच्या 140. प्रत्येक ओळ आधी हॅक्सॉने, मग त्रिकोणी कानशीने. एवढ्या कामाला काकांचा शेगडा मागायची मला लाज वाटली. तेव्हा सुचलं. शेगड्याचं स्थिर अंग उताणं घातलं, सी क्लॅम्पने टेबलाला आवळलं, आणि नवी प्लेट तिच्या स्वतःच्या जागी स्वतःच्या स्क्रूंनी बसवली. जबडा आभाळाकडे तोंड करून. प्लेट हलायचा प्रश्नच नाही, आणि हॅक्सॉ फिरवायला चारी बाजूंनी मोकळं. अर्धवट खोललेल्या शेगड्याने स्वतःचाच जबडा धरून ठेवला.

काकांना हे दाखवायला बोलावलं. ते म्हणाले, "म्हणजे आता चहा पण स्वतःचाच प्यायचा."

चार संध्याकाळी लागल्या. दुसऱ्या प्लेटवर 22 वी ओळ वाकडी गेली, कारण त्याच वेळी खालून घटस्थापनेची हाक आली. ती तशीच ठेवली आहे.

पाणी पाजायला पंचवटीपलीकडे एका लोहाराच्या भट्टीवर गेले. कारखान्यात पाठवलं असतं तर दोन प्लेटांसाठी अख्ख्या लॉटचे पैसे मागितले असते. मी बरोबर जुन्या स्पीकरचं चुंबक तारेला बांधून नेलं होतं, कारण 770 अंशांच्या आसपास लोखंड चुंबकाला ओळख देईनासं होतं, आणि त्याच्या थोडं वर गेलं की बुडवायची वेळ. थर्मामीटरशिवाय एवढं अचूक दुसरं काही नाही. लोहारदादा हसले. "चुंबक कशाला? रंग बघा की." मी चुंबक लावत राहिले. ओढ, ओढ, ओढ, आणि एकदम काहीच नाही, नुसती तार लोंबकळली. मी वर बघितलं तर त्यांनी बोट वर केलेलं होतं. अजून जरा थांबा. दहाएक श्वास गेले, प्लेट पिकलेल्या डाळिंबाच्या दाण्याच्या रंगावरून थोडी नारिंगीकडे झुकली, आणि ते म्हणाले, "घ्या."

पाण्यात नाही, तेलात. खाचांच्या टोकांपाशी पाण्यात तडे जायची भीती असते. तेल आमच्या कोपऱ्यावरच्या वडेवाल्याचं वापरलेलं, पत्र्याच्या डब्यात चार लिटर. प्लेट उभी, सरळ आत सोडायची आणि वरखाली हलवायची. आडवी टाकली की वाकते. भस्सकन धूर आला आणि अख्ख्या भट्टीवर बटाटेवड्याचा वास पसरला. माझा नवरात्राचा उपवास. लोहारदादांची बायको घण बाजूला ठेवून तोंडाला पदर लावून हसत होती.

थंड झाल्यावर कोपऱ्यावर कानस टेकवून पाहिली. हलक्या हाताला घसरली, जोर दिला तर किंचित चावली. तेलातल्या ईएन 8 कडून याहून जास्त मागू नये. कडक पोलाद ठिसूळही असतं, म्हणून त्याच दिवशी घरच्या केकच्या ओव्हनमध्ये 200 अंशांवर दीड तास. आधी एक कोपरा पॉलिश पेपरने चमकवून ठेवला होता, त्यावर फिकट गव्हाळ झाक आली तेव्हा बाहेर काढल्या. ओव्हनला अजून वड्याचा वास येतो.

रंगात फार वेळ घालवला नाही. रेड ऑक्साइडचा एक हात, वरून गडद हिरव्याचे दोन. तळाचा मूळ रंग तोच होता. सरकत्या भागाला, नटाला आणि प्लेटा बसतात त्या बैठकीला रंग लावायचा नाही. रंगावर बसलेली प्लेट डुगडुगते आणि दाबाखाली मोडूही शकते.

नवी स्प्लिट पिन, जाड वॉशर, स्पिंडलला ग्रीस, आणि जोडला. जबडे हलके मिटले तेव्हा प्लेटा एकमेकींना तंतोतंत. पण आवळला की वर फट पडायला लागली. फट मोजायच्या फीलर गेजचं 0.2 मिलिमीटरचं पातं आत जात होतं. हे जुन्या शेगड्याचं ठरलेलं दुखणं आहे: दाब खाली स्पिंडलपाशी, पकड वर जबड्यात, आणि मधली सरक झिजलेली, त्यामुळे सरकता जबडा आवळला की मान मागं टाकतो. सरक नव्याने करणं माझ्या हातातलं नाही. उपाय एकच होता, सरकत्या जबड्याच्या प्लेटच्या मागं वरच्या कडेला पातळ पत्र्याची पट्टी सरकवायची, म्हणजे प्लेट आधीच थोडी पुढं झुकून राहते. शीतपेयाच्या कॅनचा पत्रा साधारण 0.1 मिलिमीटरचा असतो. कात्रीने पट्टी कापली, दोन पदर केले, घातली. पुन्हा आवळला. कागदाच्या चार चिठ्ठ्या चार कोपऱ्यांत धरून ओढल्या, चारही फाटल्या पण निघाल्या नाहीत.

नवरा शेजारी उभा होता. त्याने पट्टीच्या कडेला दिसणारा लाल रंग बघितला, मग माझ्याकडे. "सूर्यफुलाचा कुठं ठेवलास?" त्याने विचारलं. मी उत्तर दिलं नाही.

दाते कडक झाले, पण कात्रीच्या पात्याला ते खातात. म्हणून तांबट लेनमधून तांब्याच्या पत्र्याचे दोन तुकडे आणले आणि जबड्यांवर टोपीसारखे वाकवले. वाकवण्याआधी ते गॅसवर लाल करून पाण्यात बुडवले. मुलगी म्हणाली, असं केलं की कडक होतं ना? पोलाद होतं. तांबं मऊ होतं. तिने दोन बोटांनी पत्रा वाकवून पाहिला आणि बराच वेळ तो उलटसुलट करत बसली.

दसऱ्याला शेगड्याला झेंडूची माळ पडली. हळदकुंकू सासूबाईंनी वाहिलं, ज्यांना तो पितृपक्षात चालला नव्हता. पूजा झाल्यावर टेबलाला चार बोल्टनी कायमचा बसवला. उंचीसाठी मी टेबलापाशी चप्पल काढून उभी राहिले, हात कोपरात दुमडला आणि नवऱ्याला म्हटलं, इथं खूण कर. टेबलाचे पाय त्या मापाने सव्वातीन इंच कापावे लागले.

दोन दिवसांनी दीर गाठोडं घेऊन आले, सतरा कात्र्या. पहिली मी तांब्याच्या टोप्यांमध्ये धरली, हँडल अर्धा वळसा फिरवलं आणि हात सोडला. कात्री जागची हलली नाही. दिरांनी ती हलवून पाहिली, मग जोराने हलवून पाहिली.

"वहिनी," ते म्हणाले, "पंपाचा वॉल्व्ह पण अडकलाय. गाडीतच आहे, आणू?"